‘लायन’ बिअरचं खरं वय किती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

हिमाचल प्रदेशातल्या सोलनची ‘लायन’ ही उत्तर भारतातली जुनी, स्वस्त, फौजी कॅन्टीनमुळे घरोघर ठाऊक झालेली बिअर. तिच्या इतिहासाबद्दल एकमेकांना छेद देणारे दावे वाचून वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

लायन कुठे १८२० ची, कुठे १८३० ची, तर कुठे १८५५ ची असल्याचं वाचलं. खरं साल कोणतं? (सांगली)

१८५५ धरा. मात्र ते कशाचं साल आहे, हे समजून धरा. एडवर्ड डायर याने कसौलीला बिअरचा कारखाना काढला, त्याचं हे साल. आजची मालक कंपनी मोहन मीकिन हीसुद्धा आपली सुरुवात १८५५ चीच सांगते.

१८२० चा दावा दोन साध्या तपासण्यांत पडतो. कसौलीची छावणी वसली १८४२ मध्ये. त्याआधी तिथे गोऱ्या शिपायांची वस्तीच नव्हती, मग डोंगरावर बिअर गाळून विकायची कोणाला? दुसरी तपासणी वयाची. १८२० साली कारखाना काढणारा माणूस अगदी वीस वर्षांचा धरला, तरी क्वेट्टा १८७६ नंतर इंग्रजांच्या हाती आलं तेव्हा तो पंचाहत्तरी ओलांडून गेलेला असणार. डायरच्या नावावर कसौलीखेरीज सिमला, मरी, रावळपिंडी आणि याच क्वेट्ट्याचे कारखाने सांगितले जातात. त्या वयात बलुचिस्तानात नवा कारखाना उभारणं पटत नाही.

१८३० मात्र अगदीच हवेतून आलेलं नाही. त्या सुमारास मसुरीत बोहल नावाच्या गोऱ्या व्यापाऱ्याने बिअरचा कारखाना काढला होता. शिपायांना चोरून बिअर पुरवल्यावरून मसुरीला लागून असलेल्या लंढौर छावणीच्या लष्करी अधिकाऱ्याशी त्याचं वाजलं, धंदा बसला आणि पुढे ती जागा मॅकिनन नावाच्या माणसाकडे गेली. हिमालयातली बिअर म्हटलं की लोक सगळे डोंगर एकच समजतात, त्यात मसुरीचं साल कसौलीला चिकटलं असावं, असा आमचा कयास आहे.

खरा घोळ वेगळाच आहे. जागा, कारखाना, कंपनी आणि ब्रँड यांचे जन्मदाखले निरनिराळे असतात आणि लेबलावर छापताना त्यातलं सगळ्यात जुनं साल उचललं जातं. ते तपासायला दोन जागा आहेत.

कंपनीचं साल हवं असेल तर तिचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीत मिळालेला ओळख क्रमांक, बघा. तो एकवीस अक्षर-अंकांचा असतो. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, पुढचे पाच आकडे उद्योगाचे, मग दोन अक्षरं राज्याची आणि त्यापुढचे चार आकडे नोंदणीच्या सालाचे. मोहन मीकिनच्या सीआयएनमध्ये हे चार आकडे १९३४ आहेत. म्हणजे कंपनी म्हणून तिचा कागद १८५५ चा नाही. यात लबाडी काही नाही. जुने धंदे विकत घेत, एकत्र करत कंपन्या बनतात. फक्त ‘कंपनी स्थापना १८५५’ हे शब्दशः घेऊ नये.

ब्रँडचं साल त्याहून निसरडं. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर सार्वजनिक शोध मोफत आहे. बिअरचा वर्ग ३२, दारूचा ३३. अर्जात ‘वापर केव्हापासून’ असा रकाना दिसतो, त्यावर बरेच जण फसतात. तो अर्जदाराचा दावा असतो. कार्यालयाने इतिहास तपासून दिलेला निवाडा नव्हे. शिवाय भारतात ट्रेडमार्क कायदा झाला १९४० मध्ये आणि लागू झाला १ जून १९४२ पासून. इंग्लंडात हीच नोंदणी १८७६ पासून आहे. म्हणून ‘लायन’ हे नाव पहिल्यांदा बाटलीवर कधी चढलं, याचा सरकारी पुरावा १९४२ आधीच्या भारतीय रजिस्टरात शोधण्यात अर्थ नाही. तो मिळाला तर जुन्या जाहिरातींत, लष्करी पुरवठ्याच्या करारांत किंवा लेबलांवर मिळेल. १८५५ साली कसौलीत बिअर झाली, हे मान्य करूनही त्या पहिल्या बिअरचं नाव लायनच होतं असं म्हणायला वेगळा पुरावा लागतो. त्या काळी लष्कराला माल पिंपांतून जायचा आणि पिंपावर नाव असायचं कारखानदाराचं.

मग ‘आशियातली पहिली बिअर’ हा दावा खोटा म्हणायचा का? (ठाणे)

‘पहिली’ हा शब्द टिकत नाही. मसुरीचा कारखाना वर आलाच. श्रीलंकेत न्यूवारा एलियाला सॅम्युअल बेकरने १८४९ च्या सुमारास बिअर करायला घेतली होती; नाईलच्या उगमाच्या शोधात फिरणारा तो हाच बेकर. दोन्ही कसौलीच्या आधीचे.

‘आजही चालू असलेल्यांत सर्वांत जुन्यांपैकी एक’ असं म्हटलं तर आमची हरकत नाही. मनिलाची सान मिगेल १८९० ची, चीनची त्सिंगताओ १९०३ ची. पण इथेही पाचर आहे. कसौलीला आता बिअर होत नाही. झऱ्याचं पाणी जास्त मिळतं म्हणून बिअरचं काम सोलनला हललं आणि कसौलीच्या जागेवर दारूची डिस्टिलरी राहिली. त्यामुळे जुन्या जागेचा मान डिस्टिलरीला जातो आणि जुन्या नावाचा बिअरला. जाहिरातीत दोन्ही मान एकाच बाटलीला मिळतात.

जालियनवाला बागेचा जनरल डायर हा या बिअरवाल्या डायरचा मुलगा, हे खरं का? (नागपूर)

खरं. रेजिनाल्ड डायरचा जन्म ९ ऑक्टोबर १८६४ चा, मरी इथला. आज ते पाकिस्तानात आहे. वडील एडवर्ड बिअरच्या धंद्यात, मुलगा फौजेत. मरी ब्रुअरी आपली स्थापना १८६० ची सांगते आणि ती अजून चालू आहे. म्हणजे फाळणीनंतर एकाच डायरचा वारसा सांगणाऱ्या दोन कंपन्या दोन देशांत उरल्या.

दोन गैरसमज मात्र काढून टाका. गोळीबाराच्या वेळी, १३ एप्रिल १९१९ ला, जनरल डायर हा बिअर कंपनीचा मालक वगैरे नव्हता. तो ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यावरचा नोकरदार फौजी होता. आणि उधमसिंगांनी १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये मारला तो मायकल ओ’ड्वायर, पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर. डायर १९२७ मध्येच मेला होता.

खडकीला इंग्रजांच्या काळात बिअरचा कारखाना होता असं जुनी माणसं म्हणतात. त्याचा लायनशी संबंध? (खडकी, पुणे)

आहे, पण डायरकडून नव्हे, मीकिनकडून. एच. जी. मीकिन याने १८८७ मध्ये डायरकडून सिमला आणि कसौलीचे कारखाने विकत घेतले. पुढे त्याने जे कारखाने जोडले त्यांच्या यादीत रानीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग, न्यूवारा एलिया यांच्या जोडीला खडकीचं नाव येतं.

यादीतली बाकी सगळी थंड हवेची ठिकाणं. खडकी एकटी पठारावरची. ती का निवडली याची कारणं सरळ आहेत. तोफखान्याची मोठी छावणी, १८५८ पासून पुण्यापर्यंत आलेली रेल्वे आणि बारमाही गिऱ्हाईक. डोंगरातली बिअर बैलगाडीने खाली उतरवून दख्खनपर्यंत आणायची तर भाडंच तिला महाग करायचं. पण पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये थंडावा कुठून आणायचा, हा प्रश्न होता. उकळलेला माल्टाचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) रस उथळ हौदात पसरून रात्रीच्या गारव्यावर निववायची जुनी पद्धत डोंगरात चालते. पठारावर तो तासन् तास कोमट राहतो आणि यीस्ट टाकायच्या आत आंबटपणाचे जंतू त्यात घर करतात. म्हणून पठारावर एक तर फक्त थंडीचे महिने काम करायचं, नाहीतर बर्फाची यंत्रं आणायची, हे दोनच मार्ग.

शोध घ्यायचा असेल तर पुणे पुराभिलेखागार, कॅन्टोन्मेंट बोर्डाचे भाडेपट्टे आणि ब्रिटिशकालीन व्यापारी डिरेक्टऱ्या या क्रमाने जा. शोधताना ‘खडकी’ऐवजी ‘किर्की’ हे त्या काळचं इंग्रजी रूप वापरा, आणि लायनच्या नावाने शोधू नका, मीकिनच्या नावाने शोधा.

पहिल्या महायुद्धानंतर डायर आणि मीकिन यांचे धंदे एकत्र आले. १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला तेव्हा भारतातली मालमत्ता ‘डायर मीकिन ब्रुअरीज’ या नावाखाली राहिली. १९४९ मध्ये ती नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आली आणि त्यांच्या काळात लखनौ, गाझियाबादजवळचं मोहननगर आणि आपल्याकडे खोपोली इथे नवे कारखाने उभे राहिले.

लायन ही मुळात आयपीए होती म्हणतात. आता मिळते ती तर साधी पिवळी बिअर आहे. (बेळगाव)

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. एल आणि लागर हे बिअरचे दोन मुख्य प्रकार; आजची पिवळी बिअर ती लागर. मुळात पेल एल आणि १९६० च्या दशकात लागर, असाच तिचा प्रवास सांगितला जातो. तंत्राच्या अंगानेही तो पटतो. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांवर काम करतं आणि आठवड्याभरात आंबवण उरकतं. कसौली सुमारे १,८०० मीटरवर आहे, तिथे वर्षातले बरेच महिने हे तापमान आयतं मिळतं. लागरला ८ ते १२ अंशांवर आंबवण आणि नंतर शून्याच्या आसपास काही आठवडे साठवण लागते. यंत्राचं शीतकरण आल्याशिवाय ती बारमाही करणं अवघड.

चवीतला फरक हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडवट फुलांचा. एकोणिसाव्या शतकातल्या जोरदार इंग्लिश आयपीएला शंभर लिटरमागे एक-दीड किलो हॉप्स पडायचे. आजच्या स्वस्त लागरला शे-दीडशे ग्रॅममध्ये भागतं. हॉप्समुळे कडूपणा येतो, तसंच आंबटपणाच्या काही जंतूंना आळाही बसतो. बिअर उन्हात आणि पिंपात टिकवायची होती तोवर हा खर्च परवडत होता. पाश्चरायझेशन आणि फ्रिज आल्यावर तो पहिल्यांदा कापला गेला. माल्टाचा काही भाग तांदूळ, मका किंवा साखरेने भरून काढणं, ही पुढची काटकसर. यात भेसळ नाही. पण अंगाने हलकी आणि लवकर विसरली जाणारी बिअर तयार होते, हेही खरं. आजच्या लायनला ‘१८५५ ची चव’ म्हणणं म्हणूनच आम्हाला पटत नाही.

स्वस्त बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात. बाटली पाण्यात उलटी धरली की ते खाली उतरताना दिसतं. खरं का? (कोल्हापूर)

दिसतं ते ग्लिसरीन नाही. बिअरच पाण्यात उतरताना दिसते. ग्लिसरीन पाण्यात आणि बिअरमध्ये पूर्ण विरघळतं. एकदा मिसळल्यावर ते वेगळं होऊन तळाशी येऊच शकत नाही. बिअरमध्ये न आंबलेली डेक्स्ट्रिनं (माल्टातल्या स्टार्चचे तुकडे) उरतात, त्यामुळे बहुतेक लागरची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त असते, पाणी १.००० तर बिअर १.००८ च्या आसपास. बाटलीचं तोंड पाण्यात उलटं धरलं की जड द्रव खाली सरकतो, हलकं पाणी वर चढतं आणि दोन्हींचा प्रकाश मोडण्याचा गुण वेगळा असल्यामुळे तेलकट धारा दिसतात. परदेशी महाग बिअर किंवा साखरेचं पाणी घेऊन करून बघा, तसंच होईल. आंबवताना यीस्ट स्वतः थोडं ग्लिसरॉल बनवतंच, लिटरमागे एक ते तीन ग्रॅम. ते जगातल्या प्रत्येक बिअरमध्ये असतं. या खटाटोपात बिअर पाणचट होते तेवढीच.

लायन आपल्याकडच्या दुकानांत का दिसत नाही? (औरंगाबाद)

दारू हा राज्यांचा विषय. प्रत्येक राज्यात प्रत्येक ब्रँडचं लेबल दरवर्षी नोंदवावं लागतं, त्याची फी वेगळी, परराज्यातून माल आणायचं शुल्क वेगळं. एक क्रेट म्हणजे ६५० मिलिच्या बारा बाटल्या, ७.८ लिटर, त्यातलं बहुतेक पाणी आणि काच. स्वस्त बिअरला हे ओझं लांब नेणं परवडत नाही. साठच्या दशकापर्यंत लायन आघाडीवर होती, मग त्याच कंपनीच्या गोल्डन ईगलने ती जागा घेतली आणि ऐंशीच्या दशकात किंगफिशरने दोघींना मागे टाकलं. या शतकाच्या सुरुवातीला लायन जवळजवळ फक्त फौजी कॅन्टीनपुरती उरली होती. नंतर ती उत्तरेच्या दुकानांत पुन्हा आणली गेली.

आजोबांच्या पेटीत ‘डायर मीकिन, सोलन’ असं छापलेलं लेबल आणि एक बाटली मिळाली. १८५५ ची म्हणून विकत मागतात. ओळखायचं कसं? (रत्नागिरी)

विकायच्या आधी पुढच्या गोष्टी क्रमाने बघा.

आधी नाव. ‘डायर मीकिन’ ही जोडी पहिल्या महायुद्धानंतरची, म्हणजे या नावाचं लेबल १८५५ चं असूच शकत नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मोहन मीकिन ब्रुअरीज’ झालं, ऐंशीच्या दशकात ‘ब्रुअरीज’ गळून ‘मोहन मीकिन लिमिटेड’. आपलं लेबल पहिलं महायुद्ध आणि साठच्या दशकाचा उत्तरार्ध या दोन टोकांमधलं.

मग पत्ता. सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ‘जिल्हा सोलन’ असेल तरीही तेच, कारण जिल्हा १९७२ मध्येच झाला. ‘हिमाचल प्रदेश’ १९४८ आधी नाही. माप पाइंट किंवा औंसांत असेल तर साधारण १९६० च्या आधीचं. मिलिलिटर असेल तर नंतरचं. ८९० ने सुरू होणारा बारकोड दिसला तर बोलणंच संपलं.

कागद अंधारात अतिनील टॉर्चखाली धरा. साधा नोटा तपासायचा टॉर्चही चालतो. पांढरा भाग झगझगीत निळसर चमकला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत. ती १९५० च्या आसपास कागदात येऊ लागली. मंद, पिवळट दिसला तर आशा आहे. दहापट भिंगातून रंगीत भाग बघा. जुन्या शिळाछपाईत रंगाचे सलग पट्टे किंवा हाताने टाकलेले विस्कळीत ठिपके दिसतात. चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित फुलं दिसली तर तो आधुनिक ऑफसेट आहे, आणि रंगाचे बारीक फवारे दिसले तर घरच्या प्रिंटरची नक्कल.

बाटलीवर फार विसंबू नका. आपल्याकडे बिअरच्या बाटल्या भंगारवाल्यामार्फत परत जातात, कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात धुऊन पुन्हा भरल्या जातात आणि एका कंपनीचं नाव उठवलेली बाटली दुसरीच्या लेबलाखाली निघते. काच आणि लेबल एकाच वयाचे असतील असं गृहीत धरता येत नाही. झाकण मात्र बोलतं. दातेरी पत्र्याचं झाकण १८९२ च्या पेटंटचं. त्याआधी बूच आणि तार. आत बुचाची चकती असेल तर झाकण जुनं, प्लॅस्टिकची असेल तर अलीकडचं.

लेबल बाटलीवर चिकटलेलं असेल आणि काढायचंच असेल तर ४० अंशांच्या कोमट पाण्यात बाटली तासभर बुडवून ठेवा. उकळतं पाणी घेऊ नका, जुनी लाल-सोनेरी शाई सुटते. धुण्याचा सोडाही नको. डिंक सुटतो खरा, पण रंगही उतरतो. नखाने कोपरा उचलू नका. पाण्यातच बाटली हळू फिरवली की लेबल आपोआप सरकतं. नाही सरकलं तर पाणी बदलून आणखी अर्धा तास थांबा. मग छापील बाजू वर ठेवून ते टिपकागदावर घ्या, वर दुसरा टिपकागद, त्यावर जड पुस्तकं, आणि पहिल्या दिवशी टिपकागद दोनदा बदला. नाहीतर उरलेला डिंक कागदाला धरतो आणि सोडवताना लेबलाचा पापुद्रा निघतो. बाटली भरलेली असेल तर उघडून चाखायचा मोह टाळा. लेबलापेक्षा न उघडलेल्या झाकणाला संग्राहक जास्त पैसे देतात.